चहात घालायची पानं घरच्या कुंडीत: पुण्याच्या उन्हाळ्याचं काय करायचं?

गच्चीवाला | २२ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

दर वर्षी होळीच्या आसपास तेच तीन प्रश्न येतात: पुदिना का जळाला, गवती चहाची टोकं का वाळली, तुळशीच्या नुसत्या काड्या का राहिल्या. 'ऊन फार आहे' असं म्हणून आपण मोकळे होतो. ते अर्धंच खरं. शिवाजीनगरला २०१९च्या एप्रिलअखेरीस पारा ४३ अंशांवर गेला होता, पण तसल्या उन्हातही जमिनीत लावलेला गवती चहा सहसा मरत नाही. मरतो तो कुंडीतला. जमिनीत वीतभर खाली माती गार असते; कुंडीत मुळांना चारही बाजूंनी चटका बसतो आणि खालून स्लॅब भाजतो तो वेगळाच. म्हणून आधी मुळं गार ठेवायची, पानांचं नंतर बघायचं.

कुंडी मातीची असेल तर उत्तम. माठात पाणी गार होतं त्याच न्यायाने तिच्या अंगातून पाणी झिरपून उडतं आणि आतली माती गार राहते. मात्र ती लवकर सुकते, म्हणजे एप्रिल-मे मध्ये दोन वेळा पाणी आलंच. ऑइलपेंट दिलेल्या कुंडीत हा फायदा गेला, कारण रंगाने छिद्रं बुजतात. सगळ्यात वाईट काळी प्लास्टिकची कुंडी. ती टाकून द्यायची नसेल तर बाहेरून गोणपाट गुंडाळा, नाहीतर १० इंची कुंडी १४ इंचीत ठेवून मधल्या फटीत वाळका पाला ठासा. कुठलीही कुंडी थेट गच्चीवर टेकवू नका. खाली दोन विटा घातल्या की स्लॅबची धग लागत नाही आणि भोकंही मोकळी राहतात.

माती: ४ भाग लाल माती, ३ भाग चाळलेलं जुनं शेणखत किंवा गांडूळखत, २ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग जाड वाळू किंवा भाताचं तूस. १२ इंची कुंडीला वरून मूठभर, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोनदा पाणी बदलून पिळून घ्या. त्यात मीठ असतं आणि ते पुदिन्याला अजिबात चालत नाही. नुसती काळी माती कुंडीत नको. सुकली की ती आकसते, कडेने फट पडते, पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. वरून पाणी दिलं, खालून वाहिलं, म्हणजे झाड प्यायलं असं आपल्याला वाटत राहतं.

हिरवी शेडनेट ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, घ्या. ७५ची घेतली तर तुळस लांबुळकी होते आणि पानाला वास राहत नाही. होळीनंतर बांधायची, पहिले दोन चांगले पाऊस झाले की काढायची. नेट आणि झाडाचा शेंडा यांत दोन फूट मोकळे ठेवा, हवा खेळली पाहिजे. मातीवर दोन इंच आच्छादन: वाळका पाला, उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते. बुंध्याला चिकटवायचं नाही.

आता प्रश्न येऊ द्या.

साधी_कुंडी | २२ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

फ्लॅटमध्ये गच्ची नाही, फक्त बाल्कनी. एक दक्षिणेला, एक पश्चिमेला. कुठे काय लावावं?

खोडवा | २२ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

साधी_कुंडी, दिशा आणि महिना दोन्ही बघावे लागतात. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. १४ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो (शून्य सावलीचा दिवस तो हाच) आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे डिसेंबरमध्ये जी दक्षिणेची बाल्कनी आतल्या भिंतीपर्यंत उन्हाने भरते, तिथेच मे महिन्यात कठड्यापलीकडे ऊन येत नाही. पुदिन्याला उन्हाळा काढायला हीच जागा. थंडीत तिथे तुळस आणि कॅमोमाईल ठेवा.

पश्चिमेची बाल्कनी मार्च ते मे म्हणजे भट्टी. दीडपासून साडेसहापर्यंत तिरकं ऊन, वर भिंतीची धग रात्री नऊपर्यंत. तिथे गवती चहा आणि पानओवा (ओव्याच्या वासाच्या जाड पानांचं झाड) एवढंच टिकतं. गवती चहाच्या मोठ्या कुंड्या कठड्यालगत रांगेने ठेवल्या तर त्यांच्या सावलीत आतल्या बाजूला तुळसही निभावते.

पूर्वेची बाल्कनी ज्यांना आहे त्यांनी हा धागा वाचला नाही तरी चालेल.

पानओवा | २२ फेब्रुवारी, दुपारी ४:१५

गवती चहाबद्दल लिहिते, कारण रोप घेतानाच निम्मे लोक फसतात.

मंडईत जी जुडी मिळते ती बहुतेक वेळा नुसती पात असते, तिला मुळं फुटत नाहीत. बुंध्याशी पांढरट, जाड, कांद्यासारखी चकती असलेला फुटवा हवा. तसा मिळाला तर पात ६ इंचांवर कापून दोन इंच पाण्यात उभा करा, दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात. त्यापेक्षा शेजाऱ्यांच्या जुन्या ठोंबातून ३-४ फुटव्यांचा गड्डा मुळासकट मागून घ्या, हा राजमार्ग.

कुंडी निदान १४ इंची, खोलही तेवढीच. गड्डा पूर्वी ज्या खोलीवर होता तेवढाच पुरायचा. फुटव्याचा गाभा मातीखाली गेला की पावसात सडतो. लावल्यावर पहिली कापणी साडेतीन-चार महिन्यांनी, नंतर दर दोन-अडीच महिन्यांनी. कापताना जमिनीपासून ४-५ इंच सोडून कात्रीने कापा. रोजच्या चहाला दोन पाती हवी असतील तर बाहेरची जुनी पाती घ्या, मधला कोंब तोडू नका. पात ओढून तोडू नये, तिची कड ब्लेडसारखी बोट कापते.

वर्ष-दीड वर्षात कुंडी फुटव्यांनी गच्च भरते, मधला भाग पोकळ होतो, पाती अरुंद आणि टोकं तपकिरी होतात. तेव्हा लोक खत वाढवतात. खताने काही होत नाही, गड्डा फोडून विभागायला हवा. ते काम जूनमध्ये.

नर्सरीत सिट्रोनेला हे गवत 'लेमनग्रास' म्हणून खपवलं जातं. त्याचे देठ बुंध्याशी लाल-जांभळे असतात. ते डास पळवायला ठीक, चहाला नाही.

खोडवा | २२ फेब्रुवारी, सायंकाळी ५:५०

पानओवा, एक दुरुस्ती. देठ लाल म्हणजे सिट्रोनेलाच असं नाही. केरळकडे तेलासाठी लावतात त्या गवती चहाचेही देठ लालसर असतात, आणि तो खाता येतो. खात्री वासानेच करायची. पात चुरगळा: सरळ लिंबाच्या सालीसारखा, स्वच्छ वास आला तर गवती चहा. लिंबाबरोबर गुलाब-जिरेनियमसारखा गोडसर, साबणासारखा वास असेल तर सिट्रोनेला. शंका असेल तर घेऊ नका, रोप काही दुर्मीळ नाही. सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत.

पानओवा | २२ फेब्रुवारी, सायंकाळी ६:१०

बरोबर. देठावरून ठरवू नका, वासावरून ठरवा.

गच्चीवाला | २३ फेब्रुवारी, सकाळी ७:५५

पुदिना. कुंडी खोल नको, रुंद हवी: ८ इंच खोल, १४-१६ इंच रुंद टब. हा आडवा धावतो, काड्या जमिनीलगत पसरून पेरापेराला मुळं धरतात.

बाजारच्या जुडीतून जाड, किंचित जांभळट काड्या निवडा, खालची पानं काढून दोन पेरं पाण्यात बुडतील अशा ठेवा. पाणी एक दिवसाआड बदला. ७ ते १० दिवसांत मुळं येतात. मुळं इंचभर झाली की लगेच मातीत. पाण्यात महिनाभर ठेवलेल्या काडीची मुळं मातीत गेल्यावर कुजतात. तीन-तीन इंचांवर, दोन पेरं मातीत. हे आत्ता, फेब्रुवारीतच करा. मार्च उलटून गेल्यावर लावलेल्या काडीला मुळं पसरायच्या आधीच ऊन गाठतं.

सकाळचं तीन-चार तासांचं ऊन पुरे. दुपारी तीनला पुदिन्याने मान टाकली तर घाईने पाणी ओतू नका. बोट दोन इंच मातीत घाला. ओल लागली तर ती तहान नाही, पानातून पाणी उडण्याचा वेग मुळांना झेपत नाहीये एवढंच. सावलीत सरकवा, साडेसहाला तो आपोआप उभा राहतो. ओल्या मातीत पुन्हा पाणी घातलं की मुळांना हवा मिळत नाही, ती सडतात, आणि मग झाड खरोखरच कोमेजतं. पुण्यातला निम्मा पुदिना उन्हाने नाही, या दुपारच्या दयेने मरतो.

पाणी सकाळी आठच्या आत. भर दुपारी उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी कढत असतं, ते बादलीत सोडून द्या.

दुपारचा_चहा | २३ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

'दुपारची दया'! +१

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. गवती चहाची टोकं वाळलेली, मातीवर पांढरा थर, पुदिन्याची नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या. कोणीतरी अंड्याची टरफलं घालायला सांगितलीत. घालू का?

खोडवा | २३ फेब्रुवारी, सकाळी ११:४५

टरफलं घालू नका. तुमचा प्रश्न चुना जास्त झाल्याचा आहे आणि टरफल म्हणजे चुनाच.

आपल्याकडचा खडक काळा, बेसॉल्टचा. बोअरच्या पाण्यात त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. टँकरचं पाणी बहुतेक वेळा तेच. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, क्षार मातीत राहतात, म्हणून पांढरा थर. मुळांभोवती क्षार वाढले की पाणी असूनही ते ओढता येत नाही आणि सगळ्यात आधी पातीचं टोक वाळतं. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही नव्या पानांवर, म्हणजे लोह मिळत नाहीये. माती अल्कधर्मी झाली की लोह असूनही मुळांना घेता येत नाही.

उपाय: वरचा अर्धा इंच थर खरवडून टाका. मग कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश, तीन-चार वेळा थांबून ओता आणि सगळं खालून वाहू द्या. १२ लिटरची कुंडी असेल तर २४ लिटर. मार्च ते मे हे महिन्यातून दोनदा. त्या दिवशी महापालिकेचं नळाचं पाणी मिळालं तर त्याने करा. धरणाचं पाणी बोअरपेक्षा खूप मऊ. एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणीही चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी मात्र कुंडीत कधीच नको. मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट होऊन येतात. पाणी वाचवायच्या भावनेने लोक ते घालतात, त्याने फरशी पुसावी.

पिवळेपणासाठी चिलेटेड लोह (अल्कधर्मी मातीतही मुळांना घेता येईल अशा रूपातलं) अर्धा ग्रॅम एक लिटर पाण्यात, मातीतून, पंधरा दिवसांनी एकदा, दोनदाच. नवीन फूट हिरवी आली की थांबवा. आधीची पिवळी पानं हिरवी होत नाहीत, ती काढून टाका.

मंडईचा_बोळ | २३ फेब्रुवारी, दुपारी १:३०

चहाचा चोथा घातला तर? आमच्या वाड्यात सगळ्या कुंड्यांत तोच.

गच्चीवाला | २३ फेब्रुवारी, दुपारी २:१०

दूध-साखरेचा असेल तर थेट नाही. मुंग्या येतात, मुंग्यांमागून मावा आणि पिठ्या ढेकूण. दोन पाण्यांत धुऊन, वाळवून, कंपोस्टमध्ये टाका. चोथ्याने काळी मुंगी हमखास, खत जेमतेम.

आल्याचा_तुकडा | २४ फेब्रुवारी, सकाळी ९:००

तुळशीवर कोणी लिहिलं नाही अजून, थोडक्यात लिहितो. पूजेच्या वृंदावनातली तुळस आणि चहाची तुळस वेगळी ठेवा. पहिलीची पानं तोडायला घरचे देणार नाहीत, आणि हळद-कुंकू, दूध, निरांजनाचं तेल पडून तिची माती बिघडलेली असते.

चहाला हिरवी राम तुळस सौम्य, कृष्ण तुळस तिखट, लवंगेसारखी. मंजिरी आली की खुडायची, अगदी अर्ध्या इंचाची असतानाच. बी धरलं की झाड आपलं काम झालं असं समजतं: पानं लहान, खोड लाकडी. फेब्रुवारीअखेर वरची एक तृतीयांश छाटणी करा, पण हिरव्या पानांच्या एका जोडीच्या वरच. पान नसलेल्या तपकिरी खोडावर कापलं तर पुन्हा फुटेलच याचा भरवसा नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास आला की तुळस पानं टाकते. तेव्हा पाणी कमी करा, खत बंद, आणि भिंतीच्या उबेला ठेवा.

उन्हाळ्यात पानांवर बारीक फिकट ठिपके, खालच्या बाजूला जाळी दिसली तर लाल कोळी. त्याला कोरडी, गरम हवा आवडते. पानांच्या खालून जोराचं पाणी दर तिसऱ्या दिवशी, दोन आठवडे. नाहीच गेला तर कडुनिंबाचं तेल ५ मिली, पातळ साबण १-२ मिली, एक लिटर पाणी. आधी साबण तेलात घोटायचा, मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पान भाजतं. फवारणी ऊन उतरल्यावर. त्यानंतर आठवडाभर त्या झाडाची पानं चहात नकोत, आणि नंतरही धुऊनच. नर्सरीवाले आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, कीटकनाशक सुचवतात. फुलझाडाला मारा हवं तर. इथे आपण पानच उकळून पिणार आहोत.

आल्याचं मी जूनच्या तोंडावर लिहीन, आत्ता घाई नाही.

दुपारचा_चहा | २४ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

आता माझ्या नावाला जागून प्रमाण देते. दोन कप चहासाठी: सव्वा कप पाणी, गवती चहाची ८-१० इंची दोन पाती गाठ मारून, अर्धा इंच आलं ठेचून, तुळशीची ४-५ पानं. गवती चहा आणि आलं गार पाण्यात घालून उकळी आणा, मंद आचेवर तीन मिनिटं. मग दोन चमचे चहा पावडर, साखर, एक मिनिट. तुळस शेवटच्या मिनिटाला. मग पाऊण कप गरम दूध.

आलं दुधात थेट घालू नका. कच्च्या आल्यात दुधाचं प्रथिन फोडणारं एन्झाइम असतं, त्याने चहा फाटतो. दूध घालण्याआधी आलं पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळून उकळलं की ते निकामी होतं. 'दूधच खराब होतं' म्हणून दूधवाल्याशी भांडण्याआधी हे तपासा.

पुदिना दुधाच्या चहात नको, टूथपेस्ट लागते. तो कोऱ्या चहात: गॅस बंद करून ८-१० पानं टाका, झाकण ठेवा, चार मिनिटं. झाकण नसेल तर सुगंध खोलीला मिळतो, कपाला नाही.

साधी_कुंडी | २४ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

जास्वंदीचा लाल चहा कुठल्या जास्वंदीचा? गणपतीला वाहतो ती चालते का?

पानओवा | २४ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

दुकानातला लाल, आंबट 'हिबिस्कस टी' गणपतीच्या जास्वंदीचा नसतो. तो लाल अंबाडीच्या बोंडांचा. फूल गळून गेल्यावर बियांच्या बोंडाभोवती जाड, रसरशीत लाल आवरण वाढतं, ते वाळवतात. देवाच्या जास्वंदीच्या पाकळ्यांनी रंग येतो, आंबटपणा येत नाही.

अंबाडीचं बी जूनमध्ये, एका १५ इंची कुंडीत एकच रोप, चार-पाच फूट वाढतं. भाजीसाठी म्हणून मिळणारी सगळीच अंबाडी बोंडांची नसते, म्हणून 'लाल बोंडांची' असं सांगून बी घ्या. दिवस लहान झाले की ती फुलते, म्हणून कितीही आधी लावली तरी ऑक्टोबरच्या आत फार फुलं येत नाहीत. फूल उमलल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी आवरण फुगीर असताना तोडा. उशीर झाला की ते चामट होतं. मधलं बियांचं बोंड पोखरून काढायचं, ते वाळू घातलं तर बुरशी धरतं.

गोकर्णाचा निळा चहाही याच मोसमातला. बी रात्रभर भिजवून जूनमध्ये, वेलीला जाळी. एका कपाला ५-६ फुलं, गरम पाण्यात पाच मिनिटं. लिंबू पिळलं की निळ्याचा जांभळा होतो, मुलं खूश. चवीला तो जवळजवळ काहीच नाही, हे आधीच सांगून ठेवते. गवती चहाचं एक पातं सोबत घाला.

मंडईचा_बोळ | २४ फेब्रुवारी, सायंकाळी ७:००

आणि खरा चहा? आसामवाला? नर्सरीत रोप बघितलं.

खोडवा | २४ फेब्रुवारी, रात्री ९:१५

रोप विकायला काय जातंय. त्याला साडेचार ते साडेपाच सामूची (pH) आम्लधर्मी माती लागते, वर्षभर दमट हवा लागते. इथे एप्रिलची कोरडी हवा आणि बोअरचं पाणी. शोभेला ठेवा.

वेलचीचंही तेच. पानं वाढतात, वास घ्यायला छान, बोंडं इथल्या हवेत धरत नाहीत.

साधी_कुंडी | १९ एप्रिल, दुपारी ३:५०

धागा वर काढते. पुदिना दक्षिणेच्या बाल्कनीत हलवला, जिवंत आहे. पण पानं बटणाएवढी बारीक आणि चव कडसर. खत कमी पडलं का?

गच्चीवाला | १९ एप्रिल, सायंकाळी ६:२०

नाही. या उष्णतेत तो वाढत नाही, तग धरतो. आता खत घातलं तर मुळं भाजतील. जून येईपर्यंत फक्त पाणी, आच्छादन आणि फुलाचे तुरे खुडणं. फार लांबट झाला असेल तर जमिनीपासून दोन इंचांवर सगळा कापून सावलीत ठेवा. पानंच कमी, म्हणजे उडणारं पाणी कमी. पहिल्या वळवानंतर एकदम फुटतो. तोवर पुदिना मंडईतून आणा, त्यात कमीपणा नाही.

एप्रिलचा खरा उपयोग वाळवणाला. पापड-कुरडयांबरोबर गवती चहा आणि तुळसही वाळवून घ्या, कारण हवा इतकी कोरडी पुन्हा मिळत नाही. उन्हात नाही, सावलीत, पंख्याखाली. उन्हात रंग आणि वास दोन्ही जातात. गवती चहा आधी अर्ध्या इंचाचे तुकडे करून. अख्खी पात बाहेरून वाळलेली दिसते, आत ओल राहते. सुती कापडावर एकच थर, दोन-तीन दिवस. पान चुरा होताना कडकड वाजलं पाहिजे. काचेच्या बरणीत भरून एक दिवस ठेवा. आतून काचेवर वाफ धरली तर पुन्हा बाहेर काढा. वाळलेलं ताज्याच्या एक तृतीयांश घ्यायचं. अंधाऱ्या कपाटात सहा महिने वास टिकतो, पुढे नुसतं गवत.

आल्याचा_तुकडा | २८ मे, सकाळी ८:३०

कबूल केल्याप्रमाणे आलं. साताऱ्याकडून येणारं जुनं, जाड सालीचं, टपोऱ्या डोळ्यांचं आलं घ्या. सुरकुतलेलं, ओलसर किंवा आतून निळसर-करडं नको. २० ते २५ ग्रॅमचे तुकडे, प्रत्येकाला एक-दोन डोळे. कापलेली बाजू दोन दिवस सावलीत सुकू द्या. ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी, पूड मिळते) १० ग्रॅम एक लिटर पाण्यात कालवून त्यात अर्धा तास बुडवा. १५-१८ इंच रुंद, १२ इंच खोल ग्रो बॅगमध्ये तीन तुकडे, डोळा वर, दोन इंच खोल. कोंब दिसायला तीन-चार आठवडे लागतात. त्या काळात उकरून बघणाऱ्यांची संख्या मोठी आहे. कोंब त्यानेच मोडतो.

आल्याला ऊन अर्धंच लागतं. गवती चहाच्या पूर्वेला ठेवलं की दुपारची सावली आयती मिळते. खरी भीती जुलै-ऑगस्टची. पाणी तुंबलं की कंदकूज होते: खालची पानं कडेने पिवळी, बुंधा मऊ, ओढला की सहज हातात येतो आणि घाण वास येतो. असा फुटवा मातीसकट काढून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. म्हणून भोकं मोठी, विटा खाली, आणि ताटल्या जूनलाच काढून ठेवा. ताटलीत साचलेल्या पाण्यात डासही होतात, ते वेगळंच.

कोवळं आलं नोव्हेंबरपासून कडेने उकरून घेता येतं. पूर्ण काढणी जानेवारीत, पानं वाळल्यावर.

दुपारचा_चहा | १४ जून, सायंकाळी ५:४०

दोन पाऊस झाले. नेट काढली. पानओवा, गवती चहा फोडायचं सविस्तर लिहा ना.

पानओवा | १४ जून, रात्री ८:०५

आदल्या दिवशी पाणी द्या. पात ६ इंचांवर कापा. कुंडी आडवी करून गड्डा बाहेर घ्या; नाही निघाला तर कडेने जुनी सुरी फिरवा. हाताने फुटत नाही, पावड्याच्या पात्याने किंवा करवतीने चार भाग करा. मधला लाकडी, पोकळ भाग फेकून द्या, कडेचे ३-४ फुटव्यांचे गड्डे घ्या. मुळं ४ इंच ठेवून छाटा. नव्या मातीत, वर सांगितलेल्या खोलीवर. पहिले दहा दिवस आडोशाला.

पावसातल्या पातीला वास कमी येतो, ढगाळ हवेत आणि भरपूर पाण्यात ती पाणचट वाढते. चहाला दोनऐवजी तीन पाती घ्या, झाडात दोष नाही. पानामागे नारिंगी पूड दिसली तर तांबेरा. पुदिन्यावर तो जास्त येतो. सगळं जमिनीलगत कापून कचऱ्यात टाका, नवीन फूट बहुधा स्वच्छ येते.

साधी_कुंडी | २ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन परत आलं. कॅमोमाईलचं बी आता टाकू का?

खोडवा | २ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

आजच टाका. बी धुळीसारखं असतं, चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरा. वर माती घालायची नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. पाणी फवाऱ्याने. आठ-दहा दिवसांत उगवतं, दोन इंचांची रोपं झाली की सहा-सहा इंचांवर विरळ करा. जानेवारीत फुलं, मार्चचं ऊन लागलं की खेळ संपतो, वाचवायच्या भानगडीत पडू नका.

पांढऱ्या पाकळ्या आडव्या झाल्या की फूल तोडायचं, मागे वळल्या की उशीर झाला. ताजी असतील तर एका कपाला मोठा चमचाभर, गरम पाण्यात पाच मिनिटं, उकळायचं नाही, कडू होतं. ज्यांना गाजर गवताची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी हा चहा टाळावा, दोन्ही एकाच कुळातली. हे तण १९५०च्या दशकात देशात पहिल्यांदा पुण्यातच नोंदलं गेलं, त्यामुळे असे लोक आपल्याकडे कमी नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून.

साधी_कुंडी | २ नोव्हेंबर, सकाळी ११:२५

टाकलं. वाळू नव्हती, रवा घेतला.

खोडवा | २ नोव्हेंबर, सकाळी ११:३१

मुंग्या. वरून चिमूटभर हळद भुरभुरा आणि कुंडी पाण्याच्या ताटात विटेवर ठेवा. पाणी रोज बदला.